उजवा पाय, गार तेल आणि इंजिनाचं आयुष्य



स्पोर्ट्स कार म्हटलं की लाल रंग आठवतो, आणि मराठी माणसाला त्या लाल रंगाबरोबर सचिन आठवतो. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. (फेरारी तेव्हा फियाटच्याच मालकीची होती आणि सचिन इथे फियाट पालिओची जाहिरात करायचा.) इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर मायकेल शूमाकरच्या हस्ते ती गाडी त्याला मिळाली. पुढे २००३ मध्ये ती भारतात आणताना कस्टम ड्युटी माफ करण्यावरून केवढा गदारोळ झाला, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

या गाडीच्या ड्युटीबद्दल सगळे बोलले, पण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने तिच्या इंजिनाबद्दल बोलायला हवं. आठ सिलिंडर, ३५८६ सीसी, ४०० पीएस, आणि तेही ८५०० आरपीएमला! स्ट्रोक ७९ मिलिमीटर. म्हणजे क्रँकशाफ्टच्या एका फेरीत पिस्टन १५८ मिलिमीटर अंतर कापतो. आता ८५०० ने गुणा आणि ६० ने भागा. उत्तर येतं सेकंदाला साधारण २२.४ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. हा सरासरी वेग झाला बरं का. आणि हा पिस्टन आपल्या बोटापेक्षा थोड्याच लांब अंतरात मिनिटाला १७ हजार वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. टॉप डेड सेंटरला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींच्या आसपास जातं. पिस्टन, पिन, रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरले, तर कनेक्टिंग रॉडला ते ओझं दीड टनाहून जास्त वाटतं. हेच इंजिन ३००० आरपीएमला फिरवलं तर ओझं एक अष्टमांश होतं, कारण हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. (डायनॅमिक्स ऑफ मशिनरीच्या पेपरला हे उदाहरण लिहा, सर खूश होतील.)

तुम्ही म्हणाल, फेरारीचं आपल्याला काय? आपण मेसचं बिल भरताना रडणारी माणसं. थांबा. फेरारी ३६० एका लिटरमागे १११ पीएस देते. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चाकणला बनलेल्या ज्या ३७३ सीसीच्या केटीएम ड्यूक ३९० उभ्या आहेत, त्या ४३.५ पीएस देतात, म्हणजे लिटरमागे ११६! चाकणलाच बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल गाड्या १५० पीएस, म्हणजे लिटरमागे १००. तेव्हा ‘स्पोर्ट्स इंजिन’ ही फक्त बड्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढली की ते इंजिन चालवणाऱ्याच्या सवयींना जास्त संवेदनशील होतं. स्प्लेंडर कशीही चालवा, बिचारी सहन करते. तिचा पिस्टन ८००० आरपीएमलाही सेकंदाला १३ मीटरच पळतो.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की गाडी जोरात पळवली की इंजिन खराब होतं आणि हळू चालवली, कमी चालवली की टिकतं. मला वाटतं हा समज अर्धा चुकीचा आहे. गरम झालेलं, तेल-पाणी नीट असलेलं इंजिन लाल रेषेपर्यंत नेलं तर फारसं काही होत नाही, ते त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. खरं नुकसान होतं ते कधी पळवलं, कुठून पळवलं आणि पळवून झाल्यावर काय केलं, यात. आणि या बाबतीत नवी मुंबईचा भूगोलच आपल्या विरुद्ध आहे.

पाम बीचची गंमत

रविवारी पहाटे पाम बीच रोडला उभे राहा. एका बाजूला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला टॉवर्स, आणि मधून वाशी ते बेलापूर असा जवळजवळ दहा किलोमीटरचा सरळसोट रस्ता. सहा-साडेसहाला आवाज सुरू होतात. या रस्त्यावर किती जीव गेले हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे. त्यावर लिहायला इथे जागा नाही, पण वेगाची हौस रस्त्यावर भागवू नये हे आधीच सांगून टाकतो. आज फक्त इंजिनाचं बोलू.

नेरुळ किंवा सीवूड्सला राहणारा माणूस बेसमेंटमधून गाडी काढतो. दोन मिनिटांत, एक-दोन सिग्नल ओलांडून, तो पाम बीचला लागतो. पुढे रस्ता मोकळा. उजवा पाय खाली! आता या क्षणी इंजिनाच्या आत काय चाललंय?

तेलाच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. त्यातला ३० हा आकडा सांगतो की १०० अंश सेल्सिअसला या तेलाची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असेल. इंजिनाच्या सगळ्या फटी, पंप, गॅलरी या आकड्याभोवती डिझाइन केलेल्या असतात. पण जानेवारीच्या पहाटे, वीसेक अंशांना, तेच तेल दहा-पंधरा पट घट्ट असतं. काट्यावर बघाल तर काही कळत नाही, कारण डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान दाखवतो. कूलंट चार-पाच मिनिटांत गरम होतं. तेलाला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. (काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा दिवा असतो. तो विझला की लोक समजतात, चला, मोकळे झालो.)

आता हिशेब करा. दहा किलोमीटरचा रस्ता, भरधाव. तेल गरम व्हायच्या आत रस्ता संपतो!

इथे व्हायव्हात विचारतात तसा एक प्रश्न येतो. तेल घट्ट असेल तर उलट जास्त संरक्षण नको का मिळायला? बेअरिंगमध्ये शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पावसात जोरात गेलं की टायर पाण्याच्या थरावर उचलला जाऊन गाडी घसरते, तेच हे शास्त्र. टायरला ते नको असतं, बेअरिंगला तेच हवं असतं. घट्ट तेलाचा थर जाड होतो हे खरं. पण तो थर तयार व्हायला तेल आधी तिथे पोचायला हवं ना! घट्ट तेल पंपाला जड जातं. दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा काही भाग परत टाकीकडे वळतो. फिल्टरही ते पुरेसं सोडू शकत नाही, मग बायपास उघडून तेल न गाळताच पुढे जातं. तेलातली झीज रोखणारी रसायनं आहेत, ती धातूवर थर धरतात ते तापमान आणि दाब मिळाल्यावर. गार इंजिनात ती बऱ्यापैकी झोपलेली असतात.

आणि पिस्टनचं काय? पिस्टन ॲल्युमिनियमचा. बऱ्याच इंजिनांत लायनर लोखंडाचा. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या दुपटीने फुगतं. गार इंजिनाला एकदम पूर्ण रेस दिली की पिस्टनचं डोकं काही सेकंदांत तापतं, पण भोवतालचा लायनर आणि ब्लॉक अजून गारच. मधली फट कमी होते, तेल नीट पसरलेलं नसतं, आणि पिस्टनचा स्कर्ट भिंतीला घासतो. एका दिवसात काही होत नाही. भिंतीवर उभे ओरखडे येतात, ते पुढच्या वेळी तेल धरत नाहीत, रिंगांतून गॅस खाली जायला लागतो, आणि दोन-तीन वर्षांनी मेकॅनिक म्हणतो, “साहेब, तेल खातेय गाडी.”

कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. बीएमडब्ल्यूची एम३ ही गाडी (ई४६ पिढीची, २००० साली आलेली) ८००० आरपीएमपर्यंत जायची. तिच्या आरपीएमच्या काट्याभोवती छोटे दिवे दिलेले होते. गाडी गार असताना वरच्या आकड्यांचे दिवे पेटलेले, आणि तेल जसजसं तापेल तसतसे ते एकेक करून विझायचे. म्हणजे लाल रेषा रोज सकाळी खाली यायची आणि हळूहळू वर सरकायची! मला ही कल्पना फार आवडते. यातल्या २००१ ते २००३ च्या काही गाड्यांची कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बदलून देण्याची मोहीम कंपनीला काढावी लागली होती, तेव्हा काळजी उगाच नव्हती. आपल्या गाडीत असे दिवे नसतील तर डोक्यात ठेवायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं २५००-३००० च्या आत, ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा कमी, मग हवं ते करा.

मग गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवरच उभी ठेवावी का? प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. त्यांच्या धुराने खालच्या मजल्यावरचे उठतात. हेही चूकच. जागेवर इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे ते फार सावकाश तापतं. तोपर्यंत कंप्युटर पेट्रोल जास्त सोडतो. ते सगळं जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली टाकीत जातं. अर्धा मिनिट थांबा, तेलाचा दाब बसू द्या, आणि शांतपणे निघा. चालता चालता गाडी लवकर तापते, आणि गिअरबॉक्स, टायरही सोबत तापतात.

हॉस्टेलकरांसाठी याच विषयावर एक पुरवणी. वाढदिवसाला रात्री बारा वाजता गेटसमोर गार ड्यूक न्यूट्रलमध्ये लिमिटरपर्यंत रेस करणं, हा इंजिनावर अन्याय करण्याचा सर्वात स्वस्त प्रकार आहे. तेल गार, रेडिएटरवर वारा नाही, लोड नसल्याने आरपीएम एका क्षणात वर. वर सायलेन्सर बदललेला असेल तर वॉर्डन सर आणि आरटीओ दोघांनाही आमंत्रण! बर्थडे बॉयला केक चालेल, पिस्टनला हे चालत नाही.

चिक्की घ्यायला थांबताना

गार इंजिनाचं झालं, आता उलट टोक. पावसाळ्यात आपली टोळी लोणावळ्याला जाते. एक्स्प्रेसवेने घाट चढायचा, टर्बोवाला मित्र ट्रकांच्या रांगा ओलांडत पुढे, आणि वर पोचल्या पोचल्या चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावून चावी बंद. दोन मिनिटांचं काम!

टर्बोचा एक पंखा एक्झॉस्टच्या गॅसमध्ये फिरतो. पेट्रोल गाडीत पूर्ण लोडला हा गॅस ९०० अंशांच्या पुढे जातो. शाफ्ट मिनिटाला लाख-दोन लाख फेऱ्या मारतो, आणि त्याचं बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर तरंगतं. चावी बंद केली की पंप बंद, तेल जागच्या जागी थांबलं, आणि तापलेल्या टर्बाइनची सगळी उष्णता शाफ्टवाटे त्या थांबलेल्या तेलात. तेल जळून काळा, कडक कोळसा होतो. कढईच्या तळाला तेल करपतं ना, अगदी तसंच. असं वारंवार झालं की तेलाची बारीक वाट बुजते आणि एके दिवशी टर्बो शिट्टी वाजवून निळा धूर सोडतो.

आजच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरतं आणि गाडी बंद केल्यावरही इलेक्ट्रिक पंप ते काही वेळ फिरवत राहतो. (बंद गाडीच्या बॉनेटखालून घुंई असा आवाज आला तर घाबरू नका.) त्यामुळे जुन्या लोकांसारखं तीन-तीन मिनिटं थांबायची गरज उरलेली नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवले की पुरे. गावातल्या गर्दीत तसंही सावकाशच जावं लागतं, हा लोणावळ्याचा आपल्यावर उपकार.

ट्रॅफिकचंही इथेच सांगतो. सायन-पनवेल हायवेवर मे महिन्यात पाऊण तास अडकलं की बॉनेटखालची हवा भट्टीसारखी होते. इंजिन तीच हवा ओढतं, आणि तापलेल्या हवेने नॉकिंगचा धोका वाढतो. कंप्युटर स्पार्कची वेळ मागे घेऊन सांभाळून घेतो, म्हणून तर गाडी उचलत नाही असं वाटतं. खारघरला रस्ता मोकळा झाला की लगेच पाय दाबू नका. दोन-तीन मिनिटं वारा लागू दे. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतण्याची आपली राष्ट्रीय सवय ॲल्युमिनियमच्या इंजिनाला मारक आहे. आतून गंजतं, दिसत नाही.

पाचव्या गिअरमधले बाबा

माझा स्वतःचा आवडता मुद्दा हा, कारण यात आरोपी आपले सज्जन वडीलधारे आहेत. मायलेजसाठी ३५-४० च्या स्पीडला पाचवा गिअर, आणि ओव्हरटेक करायचं तर गिअर खाली न आणता ॲक्सिलरेटर तळाला. जुन्या गाडीत इंजिन नुसतं थरथरायचं, तक्रार करायचं. टर्बो असलेल्या, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या इंजिनात मात्र एक नवीन आजार आहे. त्याला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात.

होतं असं, की १५००-२००० आरपीएमला टर्बो पूर्ण हवा कोंबतो, पण पिस्टन सावकाश वर येत असतो. मिश्रणाला शिजायला भरपूर वेळ मिळतो. अशा वेळी रिंगांजवळ साठलेला तेल-पेट्रोलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण पेट घेतो. स्पार्क पडायच्या आधीच! पिस्टन वर येतोय आणि आग त्याला खाली ढकलतेय. एकाच तडाख्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटल्याची उदाहरणं आहेत. यामागे तेलातलं कॅल्शियमचं डिटर्जंटही कारण आहे असं लक्षात आल्यावर तेलांचं नवं मानक आलं. २०२० पासूनच्या एपीआय एसपी तेलांना या आजाराची चाचणी पास करावी लागते. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडीत ‘कुठलंही चालतं हो’ म्हणून दुकानातलं स्वस्त तेल घालू नका. आणि बाबांना नम्रपणे सांगा, ओव्हरटेकच्या आधी तिसरा टाका. आवाज वाढेल, पण इंजिन सुखात असेल. (सांगण्याचा प्रयत्न मी केला आहे. गाडी कोणाची, असा प्रतिप्रश्न आला.)

गिअरचाच दुसरा अपघात थोडक्यात. तिसऱ्यात ७००० ला असताना चौथा टाकायचा आणि घाईत दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला ओढून साडेदहा हजारांपर्यंत नेऊ शकतात. रेव्ह लिमिटर पेट्रोल बंद करू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. सुरुवातीचा वर्गाचा नियम आठवा, दीडपट आरपीएम म्हणजे सव्वादोनपट जोर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. पोर्शच्या गाड्यांचा कंप्युटर असे प्रसंग इंजिनाच्या कुठल्या तासाला घडले हे जपून ठेवतो. परदेशात जुनी पोर्श घेणारे आधी तो रिपोर्ट मागतात!

पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाण्यात बंद पडलेल्या कित्येक गाड्यांचं इंजिन पाण्याने जेवढं गेलं नाही, तेवढं मालकाने पुन्हा स्टार्टर मारल्याने गेलं. नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणूनच सिडकोने होल्डिंग पाँड बांधले. पाऊस आणि भरती एकत्र आली की सबवेमध्ये पाणी आलंच.

पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, पाणी दाबलं जात नाही. फेरारी ३६० चा एक सिलिंडर ४४८ सीसीचा आणि कॉम्प्रेशन रेशो ११. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरते फक्त ४५ सीसी जागा. अर्धा कटिंग चहा! तेवढं पाणी आत गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ठेंगण्या स्पोर्ट्स कारची हवा ओढण्याची वाट खाली असते, त्यामुळे शेजारून अल्टो सुखरूप गेली म्हणून आपण जाऊ असं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही. ढकलायची, टो करायची, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मगच स्टार्टर. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

‘संडे ड्रिव्हन’

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं वाचून काढलं. आमच्या विंगमधल्या एका मित्राला गाडी घ्यायची होती. पाच लाखांचं बजेट, त्यातले निम्मे मोठ्या भावाने पगारातून साठवलेले. त्याला एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक सापडली. नऊ वर्षं जुनी, एकच मालक, आणि फक्त १४ हजार किलोमीटर! जाहिरातीत लिहिलेलं, ‘संडे ड्रिव्हन, अगदी नव्यासारखी’. मित्र हवेत. टोकन द्यायला निघालाच होता.

मी म्हटलं, आधी भागाकार कर. नऊ वर्षांचे ४६८ रविवार. १४ हजाराला ४६८ ने भागलं तर येतात तीस किलोमीटर. गाडी पाम बीचजवळच्याच सोसायटीतली. म्हणजे आठवडाभर उभी, रविवारी पहाटे गार तेलावर दीड चक्कर, बेसमेंटमध्ये परत, चावी बंद. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं एकाच गाडीच्या नशिबी!

उभी राहणं हाही आजारच आहे. थोडं थोडं चालवलं की जळताना तयार होणारी वाफ तेलात पाणी होऊन राहते आणि ती उडून जायला लागणारं तापमान कधी येतच नाही. न जळलेलं पेट्रोलही तेलातच. रबराची सील सुकतात. फेरारी ३६० चा टायमिंग बेल्ट दर तीन वर्षांनी बदलतात तो याचसाठी, गाडी चालली असो वा नसो. शिवाय आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्या जुलैच्या हवेत ओलीला काय तोटा? रोज चालणाऱ्या गाडीत टाकी आठवड्याला रिकामी होते, उभ्या गाडीत तेच पेट्रोल महिनाभर मुरतं.

आम्ही गाडी बघायला गेलो. फोनवर सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचलो तर बॉनेट गरम! काका म्हणाले, “तुमच्यासाठी जरा पुढे काढून ठेवली.” फाइल मागितली. नऊ वर्षांत तेल तीनदा बदललेलं. हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर होता, किलोमीटर झालेच नव्हते ना. पण पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, त्यातलं दुसरं कोणी वाचतच नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता.

पुढच्या शनिवारी न सांगता सकाळी सातला गेलो. काका जरा नाराज झाले, पण चावी दिली. गार स्टार्टला चार-पाच सेकंद खडखड आवाज, मग शांत. “टर्बोला असतोच तो,” काका म्हणाले. मित्राला तेही पटलं! गाडीचा रंगच तसा होता. शेवटी तुर्भ्याच्या एका मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन आणलं. त्याने प्लग काढले आणि केबलचा बारीक कॅमेरा एकेका सिलिंडरमध्ये सोडला. मोबाइलच्या स्क्रीनवर पहिल्या दोन सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या तिरप्या जाळीच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या, कारखान्यातून आल्या तशा. तिसऱ्यात ती जाळी दिसेना. तिच्या जागी वरपासून खालपर्यंत उभे, चकचकीत ओरखडे. मेकॅनिक काही बोलला नाही, नुसता स्क्रीन मित्राच्या हातात दिला.

मित्राने भावाला तिथूनच फोन लावला. तो व्यवहार झाला नाही, पैसे अजून बँकेत आहेत आणि मित्र अजून लोकलनेच फिरतो. जाहिरात मात्र परवा पुन्हा दिसली. किंमत चाळीस हजारांनी उतरवली आहे, खाली ‘संडे ड्रिव्हन’ तसंच आहे.